माळवद, कागद आणि फेस

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद आठवडाभर शेजारी शेजारी पडून होते. दोन्ही अंदाजपत्रके होती. पहिल्यात आमच्या घराच्या छपराला आतल्या बाजूने स्प्रे फोम मारण्याचा खर्च दिलेला होता, दुसऱ्यात माळ्याच्या जमिनीवर आणि भिंतींच्या पोकळ्यांत कागदाचा चुरा भरण्याचा. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता. पण आठवडाभर निर्णय होत नव्हता तो पैशामुळे नव्हे.

घर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर या गावातले, लाकडी सांगाड्याचे, १९२६ साली बांधलेले. इथल्या जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते, आणि जुन्या घरात अशा रात्री खिडकीपासून हातभर अंतरावर बसले तरी पाठीमागून कुणीतरी थंड फुंकर घालत असल्यासारखे वाटते. वडील गेल्यानंतर आई कायमची माझ्याकडे येणार होती. तिचे वय चौऱ्याहत्तर, आणि दमा जुना. तळमजल्यावरची माझी अभ्यासिका तिला द्यायची, माळ्यावर नवी खोली करून पुस्तके आणि टेबल वर न्यायचे, असा बेत होता. त्यासाठी आधी माळा राहण्याजोगा ऊबदार व्हायला हवा होता.

साहित्याच्या मंडळींनी या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. माझ्याही आला होता. आपण घर, भिंत, छप्पर हे शब्द प्रतीके म्हणून इतक्या सहजतेने वापरतो की भिंतीच्या पोटात खरोखर काय असते हे विचारायचे राहून जाते. आणि जेव्हा विचारायची वेळ आली, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या दोन अंदाजपत्रकांच्या मागे आपले सारे ओळखीचे वाद दबा धरून बसले होते: परंपरा आणि नवता, नैसर्गिक आणि कृत्रिम, मोकळे आणि बंदिस्त. वर्गात ज्या शब्दांशी आपण फार सावधपणे वागतो, त्याच शब्दांना मी घरी बिनदिक्कत शरण जात होते. पारंपरिक ते चांगले, रासायनिक ते वाईट, हा माझा पहिला कौल होता. तो टिकला नाही. दुसराही टिकला नाही.

भिंतीच्या पोटात

रोधनाचे काम करण्याआधी जुन्या विजेच्या तारा बदलणे भाग होते. त्या काळच्या चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या तारा कोणत्याही भरावाखाली गाडल्या तर तापण्याचा धोका असतो. वीजकाम करणाऱ्याने जिन्याजवळची भिंत उघडली तेव्हा आतून वर्तमानपत्रांचे चुरगळलेले बोळे बाहेर आले. एकावर जानेवारी १९३४ अशी तारीख होती. कोळशाच्या भावाची जाहिरात, बर्फात घालायच्या रबरी बुटांची जाहिरात आणि एका शोकसंदेशाचा अर्धा भाग. मंदीच्या त्या हिवाळ्यात कुणीतरी गारठलेल्या माणसाने हाताशी होते ते भिंतीत कोंबले होते.

या प्रदेशात माणसांनी भिंतीत काय काय भरले आहे याची यादी एखाद्या लोककथेसारखी आहे. लाकडाचा भुसा, मक्याची कणसे, विटांचे तुकडे, किनाऱ्यावर वाहून आलेले समुद्रगवत. या गवताचा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रीतसर धंदा झाला. बॉस्टनच्या सॅम्युएल कॅबट यांनी नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचे गवत वाळवून, जाड कागदांच्या दोन थरांमध्ये शिवून त्याची गोधडी विकायला काढली, आणि ‘कॅबट्स क्विल्ट’ या नावाने ती अनेक दशके घराघरांत गेली. १९३० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर या गवतावर रोग पडला आणि ते बहुतेक नष्ट झाले. त्याच दशकात काचेचे तंतू कारखान्यात निघू लागले. पुढे गुलाबी किंवा पिवळ्या रंगाच्या फायबरग्लासच्या गाद्यांनी अमेरिकेतली बहुतेक घरे व्यापली. आज ‘पारंपरिक’ म्हणून स्प्रे फोमसमोर ज्याला उभे केले जाते ते प्रामुख्याने हेच फायबरग्लास, त्याबरोबर दगड वितळवून केलेली खनिज लोकर आणि रद्दीच्या कागदाचा सेल्युलोज. त्यातल्या फायबरग्लासची परंपरा पुरती शंभर वर्षांचीही नाही. परंपरा म्हणजे पुष्कळदा कालपरवाची नवता असते, हे आपण इतरत्र शिकवतो. भिंतीतही ते खरे निघाले.

या सगळ्या पदार्थांमागची युक्ती मात्र एकच आहे, आणि ती मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात वाकळ पांघरून झोपलेल्या माणसाला सांगायला नको. ऊब कापडाची नसते. कापडाच्या थरांमध्ये अडकून पडलेल्या हवेची असते. स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे सरकवते. काच, कागद, गवत, लोकर ही निमित्ते. त्यांचे काम हवेला जागच्या जागी धरून ठेवण्याचे. अमेरिकेत हा अडथळा ‘आर’ नावाच्या अंकाने मोजतात. जितका अंक मोठा, तितका अडथळा जास्त. फायबरग्लासला इंचामागे साधारण तीन ते साडेतीन, सेल्युलोजला साडेतीनच्या आसपास.

पण हवा स्थिर राहील तरच हे अंक खरे. हिवाळ्यात घरातली गरम हवा धुराड्यातल्यासारखी वर चढते, छताच्या बारीकसारीक फटींतून माळ्यावर निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत ओढली जाते. फायबरग्लासची गादी या वाऱ्याला अडवत नाही. तो तिच्यातून गाळून निघावा तसा निघून जातो. आमच्या घराची तपासणी झाली तेव्हा दारात मोठा पंखा बसवून आतला दाब कमी केला, आणि तपासनिसाने हातात धुराची कांडी घेऊन घरभर फिरून दाखवले. विजेच्या बटणांच्या पट्टीतून, जिन्याच्या पायरीखालून, तळघराच्या कडेने धूर आडवा होऊन पळत होता. इतकी वर्षे मी ज्याला घर म्हणत होते ते बऱ्याच अंशी एक जाळी होते.

फेसाचा युक्तिवाद

इथे स्प्रे फोमची बाजू पुढे येते, आणि ती भक्कम आहे. पॉलियुरेथेनची रसायनविद्या जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधली. घरात फवारला जाणारा फोम त्याच घराण्यातला. गाडीतल्या दोन पिंपांतून दोन द्रव येतात; एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि इतर रसायने. नळीच्या तोंडाशी ते तापलेल्या अवस्थेत एकमेकांना भेटतात, काही सेकंदांत फसफसून फुगतात आणि समोरच्या लाकडाला कायमचे चिकटतात. फोमाचे दोन प्रकार. उघड्या कोशांचा फोम मऊ आणि हलका असतो, त्याचा अंक इंचामागे साडेतीनच्या थोडा वर. म्हणजे कागदाहून फारसा निराळा नाही. बंद कोशांचा फोम टणक. त्याच्या बुडबुड्यांत हवेपेक्षाही उष्णतेला मंद असा वायू कोंडलेला असतो, म्हणून अंक सहा-साडेसहापर्यंत जातो. शिवाय दोन्ही प्रकार फटी बुजवतात. एकाच कामात भराव आणि लिंपण, दोन्ही उरकतात.

आमच्या छपराचे वासे साडेपाच इंच खोल. त्यात कागद किंवा काच भरली तर अंक वीसच्या आसपास येतो. बंद कोशांचा फोम भरला तर तिशीच्या पुढे. नव्या घरांच्या छतासाठी २०२१ च्या आदर्श संहितेने अशा थंड प्रदेशात साठ सांगितले होते. म्हणजे माळ्यावर खोली करायची असेल, डोके आपटू नये इतकी उंची राखायची असेल, तर फोमाला तोडीस तोड पर्याय नव्हता. फोमवाला तरुण शांतपणे बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात मला एकही खोटे विधान सापडले नाही.

मी त्याला विचारले, ‘‘पण घराला श्वास घ्यायला जागा नको का?’’

तो हसला. हा प्रश्न त्याला रोज कुणीतरी विचारत असावे.

श्वास नावाचे रूपक

घर श्वास घेते, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले होते आणि त्याला एकदाही अडवले नव्हते. शोधू गेले तर या रूपकाला जन्मगाव आणि जन्मसाल जवळजवळ सापडते. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५० च्या दशकात घरांतल्या हवेच्या अदलाबदलीचा अभ्यास केला. खोलीतली हवा किती शिळी झाली हे कार्बन डायऑक्साइडवरून मोजण्याची त्यांची कल्पना आजही वापरात आहे. मात्र विटांच्या भिंतींतून पुष्कळ हवा ये-जा करते, असाही निष्कर्ष त्यांनी काढला होता, आणि तो पुढच्या मोजमापांत उभा राहिला नाही. गिलावा केलेल्या भिंतीतून माणसाला पुरेल इतकी हवा येत नाही. सिद्धान्त गेला, रूपक उरले.

आमच्या घरात जे चालले होते त्याला श्वास म्हणणे हा कवितेचा उदारपणा झाला असता. हवा येत होती ती तळघराच्या ओलसर कोपऱ्यातून, बुरशी आणि धूळ घेऊन. वादळी रात्री नको तितकी आणि ढगाळ, स्तब्ध दिवशी हवी तितकीही नाही. दमेकरी माणसासाठी याहून वाईट व्यवस्था कल्पिणे कठीण. इथल्या बांधकामशास्त्राचे म्हणणे उलटे आहे: घर घट्ट करा आणि हवा जाणूनबुजून, मोजून, गाळून आत घ्या. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी छोटी यंत्रे त्यासाठी मिळतात.

रूपकात एक सत्य मात्र शिल्लक आहे. भिंतीला हवा लागत नसली तरी ओल सुकवण्याची वाट लागते. लाकडात पाणी शिरणारच. प्रश्न ते बाहेर पडते का एवढाच. कागद ओल शोषतो, पसरवतो आणि सोडतो. बंद कोशांचा फोम ओल शोषत नाही आणि सहसा जाऊही देत नाही. त्यामुळे छप्पर गळू लागले तर कागदावर डाग दिसतो, आणि फोमामागचे लाकूड मात्र गुपचूप कुजत राहू शकते. ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत छपराला फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला अनेक संस्था नकार देऊ लागल्या, त्याचे एक मोठे कारण हेच: फोमाआडचे वासे तपासता येत नाहीत. प्रत्येक घरात लाकूड कुजलेलेच असते असे नाही. पण पाहता येत नाही, आणि न दिसण्याची किंमत घरमालक मोजतो.

माळवद

इथवर आल्यावर मी पुन्हा कागदाकडे, म्हणजे ‘पारंपरिका’कडे झुकू लागले होते. त्या सुमारास एका रविवारी आईचा फोन आला. तिला मी छपराचे सगळे सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग तिने एकच विचारले, ‘‘वर किती वजन टाकणार हाईत गं?’’

माझ्या आईचे माहेर औसा तालुक्यातले. तिथली जुनी घरे माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या, चिखलात रचलेल्या दगडी भिंती. आतून लाकडी खांब, तुळया, वर फळ्या किंवा किलचन. त्यावर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत गेले की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखा गारवा वाटे. लहानपणी मला वाटे की भिंत ऊन थांबवते. प्रत्यक्षात माती उष्णता थांबवत नाही, ती साठवते. दुपारचे ऊन तिच्यातून आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेर गार झालेले असते. वाकळेची युक्ती वेगळी, माळवदाची वेगळी. एक उष्णतेला अडवते, दुसरी तिला वाट पाहायला लावते. जिथे दिवस तापतो आणि रात्र निवते तिथे ही वाट पाहणे पुरते. जिथे तीन महिने रात्रंदिवस गारठा असतो तिथे ते कामाचे नाही. वूस्टरमध्ये माळवद बांधले असते तर आम्ही गारठून गेलो असतो. एका हवामानाचे शहाणपण दुसऱ्यात नेले की ते नुसते सौंदर्य उरते.

पण आई गारव्याविषयी विचारत नव्हती. माळवद पावसाळ्यात गळते. म्हणून दरवर्षी पावसाआधी त्यावर पांढऱ्या मातीची नवी भर घालतात. जुनी काढत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हा थर वाढत जातो. फूट, दीड फूट, काही घरांवर त्याहून जास्त. दीड फूट माती म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे सातशे किलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीची जमीन हादरली तेव्हा आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनाने थकलेली गावे झोपेत होती. चिखलात रचलेल्या भिंती फाकल्या आणि वरची माती खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून मेलेल्यांचा आकडा आठ ते दहा हजार सांगितला जातो. माझी मामी आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा त्यांत होते. मामा विसर्जनानंतर मारुतीच्या पारावरच झोपला होता, म्हणून वाचला. त्याने पुढे कधीही छताखाली झोपायला नकार दिला. पुनर्वसनात मिळालेल्या सिमेंटच्या घरातही तो पावसाळा वगळता अंगणातच बाज टाकी. त्या घराला उन्हाळ्यात भट्टीची कळा यायची. मामा म्हणायचा, ‘‘तापू दे. तापणारं बरं, पडणारं नको.’’

पारंपरिक वास्तुविद्येवरचे गौरवाचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यांत माळवदाच्या गारव्याचे वर्णन असते ते खरे आहे. पण जी माती दुपारी गारवा देत होती तीच त्या पहाटे कोसळली. दोन माती नव्हत्या. दरवर्षी घातलेली भर ही अज्ञानातून आलेली नव्हती. ती काळजीतून आलेली होती. लेकरांच्या अंगावर पाणी गळू नये म्हणून मामीने स्वतः टोपली डोक्यावर घेऊन ती वर चढवली होती. परंपरेत चूक कशी साठत जाते, याचे याहून निष्ठुर उदाहरण मला माहीत नाही. प्रत्येक वर्षाची भर समजूतदारपणाची. ओझे मात्र एकूण बेरजेचे.

नव्याची निरागसता

यावर कुणी म्हणेल की मग नवे ते घ्यावे. तर शेजारच्या कॅनडाची हकीकत सांगायला हवी. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तिथल्या सरकारने घरांच्या रोधनासाठी अनुदाने दिली, आणि हजारो घरांच्या भिंतींत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस भरला गेला. १९८० च्या डिसेंबरात त्याच सरकारला त्यावर बंदी घालावी लागली, कारण फेसातून निघणाऱ्या वायूने माणसांचे डोळे आणि घसे चुरचुरू लागल्याच्या तक्रारी आल्या. अमेरिकेने १९८२ मध्ये बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली. तो फेस आजच्या पॉलियुरेथेनपेक्षा निराळा, हे नमूद केलेच पाहिजे. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारणे अन्याय होईल. कागदही काही सोवळा नाही. त्याच टंचाईच्या घाईत अग्निरोधक क्षार धड न मिसळलेला सेल्युलोज बाजारात आला, आणि १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसला त्यासाठी तातडीचा कायदा करावा लागला. आजच्या सेल्युलोजमध्ये बोरेट क्षार असतात, ते आग आणि कीड दोन्ही आवरतात. भरताना मात्र धूळ पुष्कळ उडते, आणि वर्षे जातील तसा सैल भरलेला कागद थोडा खाली बसतो.

फोमाच्या बुडबुड्यांतल्या वायूचाही इतिहास आहे. आधी ओझोनचा थर पोखरणारे वायू, मग पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडहून सुमारे हजारपट जोमदार असे वायू, आणि आता त्यांची जागा घेणारे सौम्य वायू. घर गरम ठेवायला जळणारे तेल वाचवावे आणि त्यासाठी भिंतीत असा वायू कोंडावा, हा विरोधाभास बरीच वर्षे चालला.

तर जुने विरुद्ध नवे हा प्रश्नच मोडीत निघाला. त्याच्या जागी दुसरा आला: चूक झाली तर ती दुरुस्त करता येईल का?

हा प्रश्न मला एका सहकारी प्राध्यापिकेच्या घराने शिकवला. तिच्याकडे फोम मारताना दोन द्रवांचे प्रमाण बिघडले असावे. फोम म्हणजे कारखान्यात तयार होऊन आलेली वस्तू नव्हे. तो तुमच्या घरातच, त्या दिवशीच्या तापमानात, त्या दिवशीच्या माणसाच्या हातून तयार होतो. प्रमाण नीट जमले आणि तो पुरता घट्ट झाला की सहसा काही त्रास नाही. असंख्य घरांत तो निमूटपणे काम करतो आहे. तिच्याकडे जमले नाही. मासळीसारखा वास महिनोन्‌महिने जाईना. शेवटी वाशांवरून तो इंचाइंचाने खरवडून काढावा लागला, आणि तरीही लाकडाच्या रेषांतला निघाला नाही. चार महिने ती भाड्याच्या खोलीत राहिली. आयसोसायनेट हे कामगारांच्या दम्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. फवारताना कामगार बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे घालतात आणि घरच्यांना निदान एक दिवस बाहेर राहायला सांगतात. नीट झालेल्या फोमाने आईचा दमा वाढला असता असे मी म्हणू शकत नाही. बिघडण्याची शक्यता थोडी होती. पण बिघडला असता तर परत फिरायला वाट नव्हती. कागद चुकीचा भरला तर तो मोठ्या नळीने शोषून परत काढता येतो. फोम लाकडाचाच होऊन जातो.

निर्णय आणि त्याची किंमत

आम्ही शेवटी जे केले ते कोणत्याही पक्षाला शोभणारे नाही. तळघरात, जिथे लाकडी चौकट दगडी पायावर टेकते, त्या कडेला बंद कोशांचा फोम मारला. तिथे जागा अरुंद, फटी वेड्यावाकड्या, आणि त्या ठिकाणी फोमाइतके काहीच चालत नाही. ते काम आई येण्याआधी ऑक्टोबरात केले, खिडक्या उघड्या ठेवून दोन दिवस बाहेर राहिलो. भिंतींत बाहेरून छिद्रे पाडून कागद दाबून भरला. १९३४ ची वर्तमानपत्रे होती तिथेच ठेवली, फक्त तो शोकसंदेशाचा तुकडा मी वहीत जपला आहे. माळ्याच्या जमिनीतल्या फटी आधी एकेक करून बुजवल्या आणि मग सतरा इंच कागदाचा चुरा पसरला. अंक साठ झाला. हवा आत घेणारे यंत्र आईच्या खोलीबाहेर बसवले.

याचा अर्थ माळा थंड राहिला. तिथे खोली झाली नाही. माझी अभ्यासिका आईची झाली आणि माझे टेबल जिन्याखाली आले, जिथे उभे राहताना अजूनही डोके लागते. निम्मी पुस्तके खोक्यांत आहेत. फोमाने मला ती खोली दिली असती, हे मी मान्य करते. या लेखातला युक्तिवाद मला नि:पक्षपाती वाटत असला, तरी एका भीतीने त्याला कल दिला हेही मान्य करते. ती भीती माझी नव्हती. पण वारशाने आलेल्या गोष्टींत फक्त वाकळा आणि पाककृती असतात असे थोडेच आहे.

कागद भरायचा तो दिवस आईने फोनवर पाहिला. अंगणात उभ्या गाडीत कामगार रद्दीच्या गठ्ठ्या फोडून यंत्रात टाकत होते आणि जाड नळीतून तो करडा चुरा वर चालला होता. एक मूठ मी हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरली. बहुतेक सगळा कापसासारखा पिंजलेला होता. एका तुकड्यावर मात्र तीन अक्षरे शाबूत होती, कोणत्या शब्दाची ते कळायला मार्ग नव्हता.

तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी माझ्याकडे उत्तर होते. मी हिशेब केलेला होता: एका चौरस मीटरवर दहा-अकरा किलो.

‘‘म्हंजी एक दळण,’’ ती म्हणाली.

‘‘हो. सगळीकडून एक-एक दळण.’’

तिने थोडा विचार केला. दहा किलोचे दळण डोक्यावर घेऊन ती कित्येक वर्षे गिरणीपर्यंत चालत गेली होती, तेव्हा ते वजन तिला मानेपासून पायापर्यंत ठाऊक होते.

‘‘दरसाल वाढवायचं न्हाई ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटले. ‘‘बसला खाली तर जरा भर घालतात.’’

हे बोलून गेल्यावर मी थांबले. तीही थांबली. मग म्हणाली, ‘‘भर घालायच्या आधी मला इचार.’’

ती डिसेंबरात आली. पहिल्या रात्री तिने पलंग भिंतीपासून ओढून दाराजवळ घेतला. तो अजून तिथेच आहे.